लोर्ना टॅकेट सही करत नाही

लोर्ना टॅकेटच्या पिस्तुलाच्या क्लासला आठ तास लागतात. सकाळी आठला सुरू, मध्ये जेवायला एक तास, पाचला संपतो. साडेसात तासांत होत नाही. "अर्ध्या दिवसात उरकेल का?" असं फोनवर कुणी विचारलं, की ती "नाही" म्हणते आणि फोन ठेवते. लोक तिला उद्धट म्हणतात. म्हणोत. कागद गिरणीत एकतीस वर्षं फिटरचं काम केलेल्या बाईला उद्धट हा शब्द नवा नव्हता.

ती स्वतः या क्लासला गेली तेव्हा बावन्न वर्षांची होती. नवरा हार्लन वसंतात गेला होता. घर दरीच्या टोकाला, शेजार दीड मैलावर, आणि शेरीफची गाडी बोलावली तर यायला चाळीस मिनिटं. तिने गावातल्या दुकानातून पिस्तूल घेतलं. वीस मिनिटांत खोका हातात. दुकानदाराने गोळ्या कुठल्या लागतात ते सांगितलं आणि पावती दिली. एवढंच. लाकूड कापायची चेनसॉ घेताना त्याच दुकानात तिला याहून जास्त सूचना मिळाल्या होत्या.

दहाव्या वर्षापासून ती बापाबरोबर हरणाच्या शिकारीला जात होती. मला कोण काय शिकवणार, असं तिला वाटत होतं. पण तेव्हा ओहायोत पिस्तूल लपवून जवळ बाळगायचं तर क्लासचं सर्टिफिकेट लागायचं, म्हणून गेली. शिकवायला एमेट राउश नावाचा म्हातारा होता. शेरीफच्या खात्यातून निवृत्त झालेला, काटकुळा, हळू बोलणारा. त्याने तिचं मॅगझिन, पिस्तुलाच्या मुठीत बसतो तो गोळ्यांचा खण, स्वतः भरून दिलं. गोळ्यांमध्ये त्याने न उडणाऱ्या खोट्या गोळ्या मिसळल्या होत्या, आणि ते तिला सांगितलं नव्हतं.

तिसऱ्यांदा तिने चाप ओढला तेव्हा बार झाला नाही. पण पिस्तुलाचं तोंड चार इंच खाली गेलं. सगळ्यांसमोर.

"बाई, गोळी तर सुटलीच नाही," राउश म्हणाला. "मग पिस्तूल एवढ्या घाईने कुठं निघालं होतं?"

ती घरापर्यंत चिडूनच आली. दाराशी ट्रक उभा करून बराच वेळ आत बसून राहिली. तिला कळलं होतं, की बार व्हायच्या आधीच आपला हात दचकतो, आणि इतकी वर्षं रायफलच्या वजनाने ते झाकलं होतं. रायफलला टेकायला खांदा असतो, गाल असतो, दोन हात असतात. पिस्तूल म्हणजे वीतभर लोखंड. मनगट जरा वळलं की शेजाऱ्याच्या पोटावर. पुढच्या महिन्यात ती पुन्हा क्लासला गेली. त्यानंतर तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी राउशने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "आता तू मला मदत करायला ये." तो गेल्यावर टेकडीच्या पोटातली ती नेमबाजीची जागा, पत्र्याची शेड आणि तीन लांब टेबलं तिच्याकडे आली. तेव्हापासून शनिवार तिचा.

मग कायदा बदलला. आता परवाना नको, क्लास नको. एकवीस वर्षं पुरी झाली, गुन्हा नावावर नसला, की पिस्तूल खोचा आणि फिरा. क्लासला वीस लोक यायचे ते चारावर आले. जनावरांच्या खाद्याच्या दुकानात टेकून उभे राहणारे बाप्ये तिला बघून हसायचे. "काय लोर्ना, धंदा बसला ना?"

धंदा! तिचं डोकं तिथंच फिरायचं. कायद्याने म्हटलं होतं, की आम्ही विचारणार नाही. तुम्हाला येतं, असं कायद्याने कुठं म्हटलं होतं? ज्यांना कालपर्यंत येत नव्हतं त्यांना आज सकाळी उठल्यावर कसं काय येऊ लागलं? परीक्षा रद्द झाली म्हणून मुलं हुशार होत नाहीत. पण हे सगळे पन्नाशीचे, साठीचे घोडे. त्यांना हे सांगायचं कुणी?

ऑक्टोबरात चर्चचे पाळक वेन्डेल हफ यांचा फोन आला. त्या चर्चमध्ये लोर्ना चाळीस वर्षं जात होती. लग्न तिथंच, हार्लनची माती तिथंच. चर्चमध्ये सहा जणांचं एक पथक होतं. रविवारी उपासनेच्या वेळी ते मागच्या बाकावर बसायचे, शर्ट पँटच्या बाहेर, प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल. कुठून कोण माथेफिरू आत शिरला तर, म्हणून. चर्चच्या विमा कंपनीने आता पत्र पाठवलं होतं: प्रत्येकाने आठ तासांचं प्रशिक्षण घेतल्याचं सर्टिफिकेट द्या.

"सिस्टर लोर्ना, आपलीच माणसं आहेत," पाळक म्हणाले. "लहानपणापासून बंदुका हाताळलेली. सकाळी दोन तास तू जरा बोल, बायका नाश्त्याला बिस्किटं आणि सॉसेजचा रस्सा आणतील, मग सह्या करून टाक. कसं?"

"आठ तास," लोर्ना म्हणाली.

"अगं पण..."

"नाश्ता आणा. आठ तास."

शनिवारी सहाही जण आले. त्यांचा पुढारी डेल्बर्ट स्पर्लॉक. तो लोर्नाच्या धाकट्या बहिणीचा, जिनिव्हाचा, नवरा. आयुष्यभर खोदकामाचं मशीन चालवलेला, अंगाने कपाटाएवढा. माणूस वाईट नव्हता. हार्लन गेला त्या वर्षीच्या हिवाळ्यात न सांगता लाकडं फोडून तिच्या ओसरीवर रचून गेला होता. पण पिस्तुलाच्या बाबतीत त्याला कुणी काही सांगितलेलं खपत नसे.

लोर्नाने शेडच्या दाराशीच सांगितलं होतं: पिस्तुलाला कुणी हात लावायचा नाही. एकेकाने माझ्याबरोबर गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या भिंतीपाशी यायचं, नळी भिंतीकडे ठेवून तिथं रिकामं करायचं, मगच टेबलाशी बसायचं. ती पहिल्या माणसाला घेऊन दहा पावलं गेली असेल-नसेल, मागून डेल्बर्टचा आवाज आला.

"हे बघा रे, मास्तरीणबाईंचा वेळ वाचवतो. माझं रिकामं झालंसुद्धा."

ती वळली. डेल्बर्ट टेबलाशी उभा होता, पिस्तूल हातात. त्याने स्लाइड, पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे खेचली होती. आतली गोळी बाहेर उडाली ती त्याने हवेतच झेलली, आणि दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं. त्याचं पिस्तूल अशा बनावटीचं, की उघडून साफ करायचं तर आधी चाप ओढावा लागतो. ते किती झटकन सुटं होतं हे त्याला दाखवायचं होतं. बोट चापाकडे गेलं. टेबलाच्या पलीकडे वेड रटर थर्मासातून कॉफी ओतत होता.

"बोट बाहेर!"

गिरणीत यंत्रांच्या धडधडाटावरून हाक मारायची तो तिचा आवाज. डेल्बर्ट थिजला. दहा पावलं ती कशी आली ते तिलाही कळलं नाही. तिने त्याचं मनगट धरून नळी मातीच्या भिंतीकडे फिरवली, पिस्तूल काढून घेतलं आणि स्लाइड खेचली.

पितळी गोळी फळीवर टप्पकन पडली. घरंगळत गेली आणि वेडच्या कपाला टेकून थांबली.

वेडने थर्मास खाली ठेवला.

"आधी स्लाइड खेचलीस," लोर्ना म्हणाली. "एक गोळी बाहेर आली, आणि खालच्या मॅगझिनने दुसरी वर ढकलली. मग मॅगझिन काढलंस. मॅगझिन बाहेर, गोळी आत. आणि तू म्हणतोस रिकामं. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड खेचायची, मग डोळ्याने बघायचं, मग आत करंगळी घालून चाचपायचं. क्रम आहे तो. मर्जी नाही."

"तू एकदम ओरडलीस म्हणून गडबडला तो," वेड रटर म्हणाला. तो तिशीतला, तोंडाने चपळ.

"मी ओरडायच्या आधीच त्याचं सगळं चुकून झालं होतं. आणि ती नळी तुझ्या पोटाच्या रेषेत होती, वेड. तू त्याची वकिली कर, हवं तर कॉफी पिऊन कर."

डेल्बर्ट लाल झाला होता. "अकरा वर्षं असंच करतोय मी. काही झालं नाही."

"अकरा वर्षं तुझं नशीब काम करत होतं. तू नव्हतास."

तिला संताप आला होता. गिरणीत यंत्राच्या पोटात शिरण्याआधी प्रत्येक फिटर मुख्य बटणावर स्वतःचं कुलूप घालायचा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायचा. "मी बंद केलंय, जा तू आत," असं कुणी म्हटलं तर नवीन पोरगासुद्धा ऐकायचा नाही. तिथं कुणाला अपमान वाटत नव्हता. इथं मात्र पिस्तूल तपासायला मागितलं की बाप्यांच्या मिशीला धक्का लागतो. एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची ही कुठली जागा!

दुपारपर्यंत तिने शिकवलं. पकड कशी, पाय कुठं, बोट कधी आत जातं आणि कधी बाहेर राहतं. माणसांनी भरलेल्या खोलीत कधी पिस्तूल काढायचंच नाही, हे शिकवायला तिने सगळ्यात जास्त वेळ घेतला, कारण चर्चमध्ये दीडशे माणसं असतात आणि मागच्या बाकावरून सुटलेली गोळी दीडशे पाठी ओलांडून जायची असते. डेल्बर्ट हाताची घडी घालून बसला होता. वेड घड्याळ बघत होता.

जेवण झाल्यावर सगळे उठले आणि परत बसलेच नाहीत.

"साडेतीनला मॅच आहे गं," वेड म्हणाला. "मुख्य मुख्य तर झालं ना?"

"मुख्य दुपारी आहे. अजून एक गोळी झाडलेली नाही तुम्ही."

"आम्हाला झाडायला शिकवणार तू? माझ्या भिंतीवर सात हरणांची शिंगं आहेत."

"हरणं चर्चमध्ये बसत नाहीत. त्यांच्या शेजारी तुझी आई बसत नाही. चार तास झाले. चार राहिले."

"सही तर करशील?"

"नाही."

सोमवारी पाळक स्वतः आले. ओसरीवर उभे राहून टोपी हातात फिरवत म्हणाले, "सिस्टर लोर्ना, ही माणसं फुकट सेवा देतात. त्यांचं मन मोडू नकोस. थोडी कृपा कर."

"गेल्या उन्हाळ्यात चर्चचं छप्पर फुकटच घातलं होतं ना यांनी? तेव्हा अर्धे खिळे मारून मॅच बघायला गेले होते का?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? छप्पर गळलं तर बादली लावता येते."

पाळकांनी टोपी डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, की पत्राची मुदत महिनाअखेरची आहे. तिने सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत तीन शनिवार आहेत. कुणीही यावं.

तीन शनिवारांत एकही जण आला नाही. पण सर्टिफिकेटं मात्र आली. सहाच्या सहा, ठसा मारलेली. जिनिव्हाने फोनवर सांगितलं, की दोन परगणे पलीकडे एक माणूस आहे, तो गॅरेजमध्ये व्हिडिओ लावतो, चाळीस मिनिटं, आणि सही करतो. "आता तरी सोड बाई हा विषय," जिनिव्हा म्हणाली. "डेल्बर्ट त्या शनिवारपासून धड जेवत नाही. तू काय केलंस त्याचं?"

"मी काय केलं? मी त्याला वेड रटरला मारू दिलं नाही!"

चाळीस मिनिटं. लोर्नाने त्या रात्रीचं जेवण तसंच ठेवलं. एखाद्याला येत नाही याचा तिला कधी राग आला नव्हता. तिला स्वतःला आलं नव्हतं. राग येत होता तो त्या कागदाचा. कागद म्हणतो आठ तास, आणि आठ तास कुणी दिलेले नाहीत. आयुष्यभर तिने हातांनी काम केलं होतं, आणि न केलेल्या कामाखाली नाव लिहिणारा माणूस तिच्या लेखी चोराच्या खालचा होता. आणि यातला एक जण तिच्या बहिणीचा नवरा होता, त्याच्या पुढच्या बाकांवर सगळं गाव बसायचं.

रविवारी उपासनेत प्रार्थनेच्या विनंत्यांची वेळ आली. त्या वेळी कुणीही जागेवर उभं राहून सांगतं, कुणासाठी प्रार्थना करायची ते. म्हाताऱ्या ऑर्फा डीनने आपला गुडघा सांगितला. कुणीतरी भाच्याची नोकरी सांगितली. मग लोर्ना उठली. शेजारी जिनिव्हाने तिची बाही धरली.

"माझी विनंती मागच्या बाकावरच्या सहा जणांसाठी आहे," लोर्ना म्हणाली. "त्यांच्या खिशात आठ तासांचा कागद आहे. माझ्याकडे ते चार तास बसले आणि उठून गेले. बाकीचं एका गॅरेजमध्ये चाळीस मिनिटांत झालं. त्यांच्यापैकी एकाने माझ्या टेबलाशी भरलेलं पिस्तूल रिकामं म्हणून दाखवलं. ही सहा पिस्तुलं आत्ता तुमच्या पाठीमागे आहेत. देवाने यांना अक्कल द्यावी, आणि ती येईपर्यंत तुम्हाला सांभाळावं."

"खाली बस गं," जिनिव्हा कुजबुजली. "तुझ्या पाया पडते."

"सिस्टर लोर्ना," पाळक म्हणाले, "हे बोलायची ही जागा नाही."

"मग कुठली? गोळी लागणार ती जागा हीच आहे."

मागून वेड रटर म्हणाला, "नाव घे की त्याचं! एवढी हिंमत आहे तर घे!"

तिने नाव घेतलं नाही. तिने मागे वळूनही बघितलं नाही. मागचा बाक करकरला आणि जड पावलं दाराकडे गेली. दार उघडलं. जिनिव्हाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाहेर ट्रकचं दार आपटल्याचा आवाज आला, आणि सगळ्यांना वाटलं आता इंजिन सुरू होईल.

झालं नाही. डेल्बर्ट परत आत आला. मधल्या वाटेने चालत पुढे आला आणि जिनिव्हाच्या शेजारी बसला. कमरेला काही नव्हतं. शर्ट आत खोचलेला होता.

"मीच तो," तो पाळकांकडे बघून म्हणाला. "घ्या आता पुढची विनंती."

बाकीचे पाच हलले नाहीत. पाळकांनी ऑर्फा डीनच्या गुडघ्यापासून प्रार्थना सुरू केली आणि मागच्या बाकाचा उल्लेखच केला नाही. उपासनेनंतर चर्चच्या पायरीवर कुणी लोर्नाशी बोललं नाही. दोन बायकांनी तोंड फिरवलं. त्यातल्या एकीच्या लग्नातला केक लोर्नाने केला होता. फिरवा, ती मनात म्हणाली. पाठ तर आधीच त्या पाच पिस्तुलांकडे केलेली आहे तुम्ही.

शनिवारी पावणेआठला डेल्बर्टचा ट्रक टेकडीच्या पायथ्याशी लागला. पिस्तूल डब्यात होतं, डबा कुलूपबंद. त्या दिवशी क्लासला आणखी चौघं होती: दवाखान्यातली एक नर्स, एक बँकेतली मुलगी आणि एक शेतकरी जोडपं. डेल्बर्ट त्यांच्यात बाकाच्या टोकाला बसला, गुडघे टेबलात मावत नव्हते.

"जेवणाच्या टेबलावर साफ करायचो मी ते," पाणी प्यायला उठलेला असताना तो हळूच म्हणाला. "समोर जिनिव्हा बटाटे सोलत बसायची. अकरा वर्षं. मॅगझिन बहुतेक वेळा आधीच काढलेलं असायचं, म्हणून... बहुतेक वेळा."

"मला सांगू नकोस. करून दाखव," लोर्ना म्हणाली.

तिने त्याला तो क्रम चाळीस वेळा करायला लावला. खोट्या गोळ्यांनी, नळी भिंतीकडे. विसाव्या वेळी तो करंगळी घालायची विसरला, तेव्हा तिने पुन्हा एकपासून मोजायला सांगितलं.

"अगं, एकोणीस झाले होते!"

"काही झाले नव्हते. एक."

नर्सला हसू आलं. डेल्बर्टही हसला, पण मोजायला लागला.

दुपारी परीक्षा. सात यार्डांवरून पंचवीस गोळ्या, ताटाएवढ्या वर्तुळात वीस लागल्या पाहिजेत. बँकेतल्या मुलीच्या बावीस लागल्या. तिने त्या दिवसाआधी पिस्तूल हातात धरलं नव्हतं, म्हणून तिला विसरायचं काही नव्हतं. डेल्बर्टच्या सतरा. चुकलेल्या आठही खाली, एकमेकींजवळ.

"दचकतोस," लोर्ना म्हणाली. "बारच्या आधी मनगट खाली टाकतोस."

"तीनच कमी आहेत, लोर्ना."

"हो."

"मेव्हणा आहे मी तुझा."

"म्हणूनच आठ तास मी तुझ्यामागे उभी होते. पुढच्या शनिवारी ये. एका तासाचं काम आहे, पण मी तुला आठ तास बसवणार."

तो कागदाच्या निशाणाकडे बघत राहिला. ती आता काहीतरी चांगलं बोलेल असं बहुतेक त्याला वाटलं. ती बोलली नाही. पाच माणसं उद्या पुन्हा मागच्या बाकावर बसणार होती, आणि एका माणसाच्या सतरा गोळ्यांवर समाधान मानायला तिला जमत नव्हतं.

"वेडला घेऊन येतो पुढच्या वेळी," डेल्बर्ट म्हणाला.

"येईल तो?"

"नाही येणार. पण त्याच्या घराचा पाया खणायचाय पुढच्या महिन्यात, आणि मशीन माझं आहे."

लोर्नाने खिशातून चिकटपट्टीची गुंडाळी काढून त्याच्या हातात दिली. निशाण परत वापरायचं होतं. डेल्बर्ट भोकं बुजवायला लागला, आधी वर्तुळाच्या आतली.

"बाहेरची पण," ती म्हणाली. "ती आधी."